एक कप्पी, दोन खांदे

मंगळवारी सकाळी दहा वाजता ट्रॅफिक हवालदार सानपांनी चहावाल्याला बोलावण्यासाठी उजवा हात वर केला आणि माझा उजवा हात वर गेला. सानप फिजिओथेरपीच्या हॉलच्या त्या टोकाला बसले होते. मी या टोकाला, भिंतीकडे तोंड करून.

मोटारसायकलवरून पडून माझा खांदा निखळला होता. गोळा वाटीत परत बसवला, पण बगलेतून खांद्याच्या स्नायूकडे जाणारी नस ताणली गेली होती. बोटं चालायची, कोपर वाकायचं, हात मात्र उचलता यायचा नाही. मी न्हावी आहे. खांदा उचलल्याशिवाय वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापर्यंत पोचत नाही. दुकान दिवाळीपासून बंद होतं.

हॉलमध्ये व्यायामाची कप्पी एकच. पेशंटने चांगल्या हाताने दोरी ओढायची, दुखरा हात वर जातो. गर्दी असली की बागवान मॅडम दोघांना पाठीला पाठ लावून बसवत. एक टोक सानपांना, एक मला. ते ओढत, माझा हात वर जाई. आता दोरी काढल्यावरही जात होता.

मॅडमनी माझ्या खांद्याखाली बोट दाबून पाहिलं. "नस रोज एखादा मिलिमीटर वाढते. तुमची त्यांच्याकडे वाढलीय."

"परत बोलवा की मॅडम."

"कुत्रं आहे का ते, हाक मारली की यायला?"

"राहू द्या हो राऊत," सानप म्हणाले. "सरकारी खांदा फुकट मिळालाय." हसता हसता त्यांनी हात झटकला. माझा हात भिंतीवर आपटला.

घरी तो हात त्यांच्या वेळेने जेवायला उठे. झोपेत रुक्मिणीला लागू लागला, तेव्हा तिने तो ओढणीने माझ्या पोटाशी बांधला. सकाळी सानपांचा फोन आला. "वहिनींना सांगा, हात बांधलाय तो सोडा. मला दात घासायचेत."

शुक्रवारी त्यांना फिटनेस सर्टिफिकेट मिळालं. सोमवारपासून चौकात ड्युटी.

"म्हणजे दिवसभर यांचा हात गाड्या थांबवणार," रुक्मिणी मॅडमना म्हणाली. "दाढ्या कोण करणार, मी?"

मॅडमनी उपाय सांगितला. दोघांनी मिळून एक काम करायचं. ते नीट व्हावं असं दोघांनाही सारखंच वाटलं पाहिजे. काम पुरं झालं की नस आपल्या घरी जाते. मधेच तुटलं, तर आहे तिथेच कायमची राहते.

"माझी दाढी करा," सानप म्हणाले. "मला तर फार वाटेल."

रविवारी दुकान उघडलं. रुक्मिणी दारात उभी राहिली, कोणी आत येऊ नये म्हणून. सानप खुर्चीत बसले, आरशात बघत रिकामा हात हळूहळू हलवू लागले. खांदा त्यांचा, बोटं माझी.

"थोडा वर, साहेब. आता मागे."

"कापलं तर आत टाकीन."

"कापलं तर तुम्हीच कापलेलं असेल."

दोन्ही गाल झाले. दंडाच्या वरची, पडल्यापासून बधिर असलेली जागा झिणझिणू लागली. नाण्याएवढी, मग तळहाताएवढी. मी त्यांची हनुवटी डाव्या हाताने वर केली आणि वस्तरा गळ्याला लावला.

चौकाच्या बाजूने ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला.

"साहेब, आज सुट्टी आहे तुमची," मी म्हणालो.

"माहितीये." त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. "वीस वर्षं झाली हो राऊत. सायरन ऐकला की हा हात मला विचारत नाही."

रुक्मिणीने दार लावून घेतलं. आवाज कमी झाला नाही.

बोटं माझी आहेत. ती उघडली तर वस्तरा खाली पडेल, दाढी अर्धी राहील, आणि नस कायमची त्यांच्याकडे. सानपांनी डोळे मिटलेत. त्यांचा तळवा रस्त्याच्या दिशेने वळलाय, आणि माझा खांदा वर जाऊ लागलाय.