मुक्ताबाईनं न घेतलेलं पाकीट

सकाळपासून सिद्धाराम वकिलाचं कशात लक्ष नव्हतं. चहा निवून गेला, आणि केजच्या कोर्टात पोचेपर्यंत त्यानं दोनदा गाडी थांबवून बॅगेतलं पाकीट चाचपलं. ते कुठं जातंय? त्यानंच रजिस्टरनं पाठवलेलं, त्याच्याकडंच परत आलेलं. वर पोस्टमननं लिहिलं होतं, 'घेण्यास नकार'.

आत नोटीस होती. मुक्ताबाईंनी फी दिलेली नाही, सबब मी त्यांचं वकीलपत्र सोडतो आहे, त्यांनी दुसरा वकील बघावा. मागच्या तारखेला न्यायाधीश म्हणाले होते, आधी अशिलाला नोटीस द्या, मग तुमचा अर्ज बघू. आणि कायद्यात नकार म्हणजे पोचच. आज पाकीट दाखवलं की सिद्धाराम सुटला.

मुक्ताबाई युसूफ वडगावची. नवरा गेल्यापासून बाजारातली पिठाची गिरणी तीच चालवते. तिचा दीर धोंडीराम गावचा पुढारी. बँकेचं काम आहे म्हणून त्यानं तिची कसल्याशा कागदावर सही घेतली आणि गिरणीची जागा आपल्या नावावर केली. गिरणी अजून चालू होती ती कोर्टाच्या मनाई हुकुमावर. तो हुकूम उठवा म्हणून धोंडीरामचा वकील आज बोलणार होता. बाईच्या बाजूनं कुणी उभंच राहिलं नाही तर गिरणीला कुलूप लागायला कितीसा वेळ?

सिद्धारामला हे कळत नव्हतं असं नाही. पण माणसानं धीर धरायचा तरी किती? सुरुवातीला जे हातावर टेकवलं तेवढंच, नंतर चार वर्षं नुसतं 'सुगी होऊ द्या'. बाई दर तारखेला पिशवीभर ज्वारीचं पीठ आणायची आणि फी चुकती केल्यासारखी निवांत बसायची. लेकीच्या लातूरच्या क्लासवाल्यांना पीठ चालत नव्हतं. बायको कावेरी भाकरी थापता थापता म्हणालीच, "वकिली बरी चाललीय तुमची. घरात पीठच पीठ." त्या दिवसापासून त्यानं मुक्ताबाईचा फोन उचलणं सोडलं. मग पाकीट परत आलं तेव्हा तो भडकला. माझी नोटीस नाकारते? त्या रागाचा त्याला मोठा आधार वाटला होता.

आवारातल्या लिंबाखाली ती उभीच होती. हातात पिशवी.

"वकीलसायेब, कवाची वाट बघायलेय. पोस्टानं पाकीट आलतं एक. म्या घेतलंच न्हाई."

"का नाही घेतलं?" त्यानं जरा तोऱ्यातच विचारलं.

"आता घ्या! तुमीच म्हणलता की, कुटलाबी कागद येऊ द्या, मला दावल्याबिगर सही करायची न्हाई. पोस्टमन लई मागं लागलता. म्या म्हणलं, एकडाव सही केली तर जागा गेली. आता सायबाला इचारल्याबिगर न्हाई." मग जरा अवघडून म्हणाली, "तुमाला फोन लावलता. लई डाव लावला. कामात असताव तुमी."

सिद्धारामची कानशिलं तापली. तो बोलला होता तसं, ह्याच झाडाखाली, बोट उगारून. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिचाच पुन्हा राग आला.

"धोंडीभावजीनंच धाडलं आसंल," ती म्हणाली.

"मी धाडलं, मावशी." त्यानं पाकीट काढून तिच्यापुढं धरलं आणि सगळं सांगितलं. फीचं, अर्जाचं, सोडून जाण्याचं. सांगताना आवाज चढला त्याचा. शेजारचे दोघं वळून बघायला लागले.

तिनं पाकिटावरचं आपलं नाव बोटानं जुळवत वाचलं. "पीठ नेताव तुमी, मला वाटलं भागतंय. चुकलं माजं," ती म्हणाली. मग वर बघून तिनं विचारलं, "मंग आता काय करू? सही करून घेऊ का हे?"

"मला काय विचारता?"

"दुसऱ्या कुणाला इचारू? आजून तर तुमीच हाव की माजे वकील."

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

"घेऊ नका," सिद्धाराम म्हणाला. पाकीट त्यानं बॅगेत कोंबलं. "आणि पुढल्या तारखेपासून पीठ नको. थोडे का होईनात, पैसे आणा."

आत न्यायाधीशांनी विचारलं, "नोटीस पोचली का?"

"नाही, सर. माझा अर्ज मी मागं घेतो."

धोंडीरामच्या वकिलानं चमकून वर पाहिलं. "ठीक," न्यायाधीश म्हणाले, "मग मनाई हुकुमावर बोला."

सिद्धारामनं बॅग उघडली. आत ते पाकीट तेवढं होतं. फाईल घरी होती. सोडायला आलेला माणूस फाईल कशाला आणतोय? त्यानं मुदत मागितली.

"फाईल नाही आणली, तर आज आलात कशासाठी, वकीलसाहेब?"

न्यायाधीशांनी त्याला चांगलंच झापलं, दुसऱ्या बाजूचा खर्च भरायला लावला, पुढची तारीख दिली आणि तोवर हुकूम कायम ठेवला.

बाहेर आल्यावर त्याला मुक्ताबाईकडं बघवेना. तिनं पिशवी त्याच्या गाडीला नीट अडकवली.

"फाईल ऱ्हायली व्हय घरी?" ती मायेनं म्हणाली. "जाऊ द्या, सायेब. लई कामं असत्यात तुमाला."