मागच्या बाकावर कुणीच नव्हतं

सत्र संपायला दोन दिवस उरले की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक उद्योग चाले. तसं पाहिलं तर ती लाज वाटण्याजोगी गोष्ट होती, पण चहा पिता पिता होत असल्यामुळे कुणाला लाज वाटत नसे.

नियम साधा होता. प्रत्येक प्राध्यापकाने सत्रात दोनदा सहकाऱ्याच्या वर्गात जायचं, मागच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहायचा आणि जे दिसलं ते निरीक्षण पत्रकात लिहायचं. शिकवणाऱ्यानेही शिकत राहावं, एवढाच हेतू. पण वाचकहो, चांगल्या नियमाचा कागद कसा करायचा, हे आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही! वर्गात कुणीच जात नसे. ‘तुम्ही माझं भरा, मी तुमचं भरतो,’ असा सगळा खाक्या. भूगोलाचे सर तर खिशात निळं आणि काळं अशी दोन पेनं ठेवत. दोन भेटी दोन वेगळ्या दिवशी झाल्यासारख्या दिसाव्यात म्हणून. शेरा एकच, ‘उत्कृष्ट’. आणि ‘सुधारणेसाठी सूचना’ या शेवटच्या रकान्यात सगळे लिहीत, ‘काही नाही’.

गणित विभागाचे प्रमुख या कामात कुणाच्या मागे नव्हते. सव्वीस वर्षांची नोकरी, विषयावर हुकमत, माणूस मनाने वाईट नाही. त्या वर्षी त्यांच्या विभागात संख्याशास्त्र शिकवायला एक नवीन मॅडम आल्या. नोकरी एका वर्षाच्या बोलीवर होती. काम पाहून पुढे ठेवायचं की नाही ते कॉलेजची समिती ठरवणार होती. मॅडमनी नियम वाचला आणि, काय सांगावं, तो खराच मानला!

“सर, बुधवारी तिसरा तास, खोली अकरा. याल ना?” असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. सरांनी ती खिशात घातली. दोन आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठी आली. मग तिसरी.

“सर, मुलं माना डोलावतात, पण चाचणीत कोरे पेपर देतात. माझं कुठे चुकतंय ते मला दिसत नाही हो. तुम्ही एकदा बसा.”

“येतो, येतो. एवढं मनावर घेऊ नका, मॅडम. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं.”

सर गेले नाहीत. सत्राच्या शेवटी मात्र त्यांनी मॅडमच्या हातात भरलेलं पत्रक ठेवलं. दोन भेटी, दोन तारखा, शेऱ्याच्या बाराही रकान्यांत ‘उत्कृष्ट’.

“पण सर, तुम्ही आलाच नव्हता!”

“अहो, तुमचं भलंच केलंय,” सर हसत म्हणाले आणि पत्रक प्राचार्यांच्या कार्यालयात पाठवून दिलं. दुसऱ्या सत्रातही तेच झालं.

वर्षाचा निकाल शुक्रवारी लागला. संख्याशास्त्रात चौसष्टपैकी एकोणचाळीस मुलं नापास! प्राचार्यांनी दोघांनाही बोलावलं. टेबलावर ती दोन पत्रकं होती.

“मॅडम,” प्राचार्य म्हणाले, “पत्रकं नसती तर मी समितीला सांगितलं असतं की मुलगी नवीन आहे, कुणी मार्गदर्शन केलं नाही, आणखी एक वर्ष देऊ. पण विभागप्रमुख चार वेळा तुमच्या वर्गात बसलेत. चारही वेळा उत्कृष्ट. म्हणजे कुणी पाहायला आलं की तुम्ही नीट शिकवता, एरवी नाही. समिती असाच अर्थ काढणार. सोमवारी निर्णय आहे.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी पाहिलं खिडकीकडे. ‘मी गेलोच नव्हतो,’ एवढं एक वाक्य सरांनीच बोलायचं होतं, कारण सही त्यांची होती. पण सव्वीस वर्षांची अब्रू आड आली.

बाहेर व्हरांड्यात मॅडम थांबल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो सरांना जास्त लागला.

“सर, मला उत्कृष्ट नको होतं. मला मागे बसणारं माणूस हवं होतं.”

शनिवारी सकाळी सरांची बायको कपडे धुवायला टाकत होती. ती एका रुग्णालयात वॉर्डची मुख्य परिचारिका. दुपारची पाळी होती. सरांच्या कोटाच्या खिशातून तीन मऊ पडलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांवर एकच मजकूर. ‘बुधवार, तिसरा तास, खोली अकरा. नक्की या, सर.’

“अहो, हे काय? कोण बोलावतंय तुम्हाला एवढं?”

सरांनी आधी टोलवाटोलवी केली. मग सगळं सांगून टाकलं, आणि वर म्हणाले, “पण मी वाईट काही लिहिलं नव्हतं गं. चांगलंच लिहिलं.”

बायकोने कपड्यांची बादली खाली ठेवली. “आमच्याकडे प्रत्येक खाटेला तापाचा तक्ता असतो. एखाद्या नर्सने थर्मामीटर न लावताच ‘ताप नाही’ असं लिहिलं, तर तेही चांगलंच लिहिलं म्हणायचं का? डॉक्टर तक्ता बघून पुढे जातात. औषध मिळत नाही. आणि पेशंट खाटेवर फणफणत राहतो!”

“तू उगाच कुठलं कुठे नेतेस.”

“कुठलं कुठे? ती पोरगी स्वतः सांगत होती, सर, मला ताप आहे. आणि तुम्ही लिहिलंत, नाही. तिचं राहू द्या. त्या एकोणचाळीस पोरांनी काय घोडं मारलं होतं तुमचं?”

चहा तसाच टाकून सर उठले.

त्या दिवशी नापास मुलांसाठी मॅडमचा जादा तास होता. सर खोली अकरामध्ये गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. मॅडम क्षणभर गडबडल्या, मग शिकवू लागल्या. आणि दहाव्या मिनिटाला सरांना सगळं दिसलं! मॅडमना विषय उत्तम येत होता. पण उदाहरणाच्या शेवटच्या ओळी त्या फळ्याच्या अगदी खाली लिहीत, आणि मागच्या चार रांगांना तिथे फक्त टेबल दिसत होतं. मधल्या दोन पायऱ्या त्या मनातच करून टाकत. “समजलं ना?” असं विचारत आणि श्वासही न घेता पुढे जात.

शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, “सर, हा चार कुठून आला?”

“मॅडमना विचार की.”

“विचारेपर्यंत पुढचं गणित सुरू होतं, सर.”

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पहिल्याच महिन्यात, व्हरांड्यात उभ्या उभ्या, दहा मिनिटं! त्या दहा मिनिटांच्या आळसापायी मुलांचं वर्ष गेलं होतं आणि एका चांगल्या शिक्षिकेची नोकरी जायची वेळ आली होती. तास संपल्यावर त्यांनी मॅडमना दिसलं ते सारं सांगितलं. मॅडमनी भराभरा लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्या म्हणाल्या, “एवढंच होतं, सर?” आणि त्यांचे डोळे भरून आले. सरांना मान वर करवेना.

सोमवारी समितीपुढे सर न बोलावता उभे राहिले.

“ही चारही निरीक्षणं खोटी आहेत. मी एकदाही त्यांच्या वर्गात गेलो नव्हतो. त्यांनी तीनदा लेखी बोलावलं, या त्यांच्या चिठ्ठ्या. शिक्षा करायची तर मला करा.”

समितीत बसलेल्या भूगोलाच्या सरांनी हात हळूच खिशावर ठेवला. बरीच भवती न भवती झाली. शेवटी मॅडमना आणखी एक वर्ष मिळालं. सरांना लेखी ताकीद मिळाली आणि विभागप्रमुखपद गेलं. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “बरं केलंत.” त्यांना ते पुरलं.

नव्या वर्षी सर दर बुधवारी तिसऱ्या तासाला खोली अकरामध्ये बसू लागले. आणि एक दिवस त्यांनी स्वतःच मॅडमना चिठ्ठी दिली. ‘गुरुवार, पहिला तास, खोली चार. नक्की या.’

मॅडम आल्या, पूर्ण तास बसल्या. त्यांनी भरलेल्या पत्रकात ‘उत्कृष्ट’ हा शब्द एकदा होता, विषयाच्या ज्ञानापुढे. शेवटच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, “सर ‘कळलं का?’ असं एकवीस वेळा विचारतात. एकदाही उत्तरासाठी थांबत नाहीत.”

सव्वीस वर्षं! किती मुलांनी त्या न थांबलेल्या क्षणी वर करायला घेतलेला हात खाली घेतला असेल? सरांनी ते पत्रक आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज वर्गात जाताना ते वाचतात. त्या दिवसापासून ते प्रश्न विचारतात आणि थांबतात. पहिल्या आठवड्यात वर्गात नुसती शांतता असे. दुसऱ्या आठवड्यात खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला.

“सर, नाही कळलं.”

“शाब्बास!” सर म्हणाले, आणि खडू घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले.

वाचकहो, आपण शाळेत असू, कचेरीत असू, दवाखान्यात असू, न पाहता केलेली सही कुणाचं भलं करत नाही. ज्याला आपली मदत हवी होती, त्याच्या तोंडावर आपण दार लावतो, आणि वर दारावर ‘उत्कृष्ट’ लिहून येतो. कुणी बोलावलं तर जाऊन मागे बसावं, दिसेल ते प्रेमाने आणि खरं सांगावं. आणि आपल्या मागेही कुणाला तरी बसू द्यावं.