फिकट शिक्रा

संयोगितानं पालथा क्रेट जरा उचलून शिक्र्याच्या डोक्यावर ओढणी टाकली आणि खाली हात घालून त्याचे दोन्ही पाय बोटांत धरले. एक नखी अंगठ्यात घुसली. तिनं हात हलवला नाही.

"लागलं का गं?" जयराज फोन सरसावून उभा होता.

"न्हाई. तुमी जरा लांब थांबा."

कालपासून हा पक्षी तासगावच्या त्यांच्या घरी, सोप्यात, पालथ्या क्रेटखाली होता. द्राक्षबागेवरच्या जाळीत तो अडकला होता. जयराजनं जाळी कापून त्याला सोडवलं आणि बायकोला आवडेल म्हणून घरी आणलं. संयोगिता सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली. तेव्हा मैत्रीण दिलशादबरोबर कृष्णाकाठी पक्षी बघत हिंडायची. लग्नानंतर तिचं हिंडणं गच्चीपर्यंत आलं. अडवत कुणी नव्हतं. दर वेळी फक्त कुणीतरी विचारायचं, "एकटीच? कशाला?" आणि तेवढ्यानं पायातली चप्पल परत निघायची.

दिलशाद आता सांगलीत शिकारी पक्ष्यांवरच काम करत होती. काल वर्णन ऐकताच फोनवर तिचा आवाज चढला.

"पाठ इतकी फिकट? अगं, मध्य आशियातली उपप्रजाती असेल! आपल्याकडं ती दिसत नाही. पंख मोज, उघडलेल्या पंखाचा फोटो काढ. खरी निघाली तर नोंद तुझ्या नावावर. मग माझ्याबरोबर कामाला ये. मला माणूस हवंच आहे."

संयोगितानं शिलाईची टेप पंखाला लावली. आकडा बघितला, पुन्हा लावून बघितला. छातीवरच्या रेघा जेमतेम दिसत होत्या. पंखाची आतली बाजू जवळजवळ पांढरी. दिलशाद म्हणाली तोच हा, शंकेला जागाच नव्हती.

शेपटीची पिसं मात्र क्रेटला घासून मोडली होती.

"निराळा हाय न्हवं?" जयराज खुशीत आला. "वेल्डिंगवाल्याला मोठा पिंजरा सांगतो. येणारा-जाणारा बघंल. तुलाबी घरबसल्या बघाय मिळंल, सांगलीला जायची कटकट न्हाई."

"आवं, असा पक्षी ठेवणं गुन्हा हाय."

"कोण येतंय बघाय? तुझ्यासाठीच करतोय की सगळं."

ते खरंच होतं. पक्ष्याचं काळीज तिच्या तळव्याला धडधडत होतं.

"साधाच हाय," ती म्हणाली.

"काय?"

"साधा शिक्रा. उन्हानं रंग उडालाय. असले लय हिंडतात. आपल्या कोंबडीची पिल्लं ह्येच उचलतात."

जयराजनं फोटो न काढताच फोन खिशात टाकला.

"एवढं शिकून शेवटी कोंबडीचोर घावला व्हय तुला!" तो हसला. "दे सोडून."

अंगणात तिनं मूठ उघडली. शिक्रा शेवग्यावर टेकला, अंग झाडलं आणि बागेच्या बऱ्याच वरून निघून गेला.

दुपारी दिलशादचा फोन आला. जयराज समोर जेवत होता.

"काय निघाला?"

"साधाच."

पलीकडं दिलशादनं वही ओढल्याचा आवाज आला.

"पंख किती भरला?"

संयोगितानं आकडा सांगितला. जयराज भाजी कालवत होता.

"फोटो?" दिलशादचा आवाज एकदम बारीक झाला.

"न्हाई."

"मग कुणी मानणार नाही गं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणली?" जयराजनं विचारलं.

"काय न्हाई. भाकरी वाढू?"