सबूरमामांचा अंगठा

शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत मला एका कागदावर सही करायची होती. त्यावर दोन वाक्ये टंकलेली होती: सूत्रसंचालकांनी स्पर्धकास साहाय्य केले, सूत्रसंचालकांनी स्पर्धकास साहाय्य केले नाही. त्यांतील एक खोडायचे होते. दुसरे खोडले गेले असते, तर चोवीस वर्षे प्रश्नोत्तरांचा खेळ चालवणारा एक माणूस त्याच संध्याकाळी आपला राखाडी कोट खुंटीला अडकवून कायमचा घरी गेला असता.

"गुरुजी, बाहेरचा माणूस नेमला तर चार दिवसांत बोभाटा होईल," निर्माते म्हणाले. "प्रश्न तुम्ही काढता, उत्तरं तुम्ही तपासता, पाकिटं तुम्ही सील करता. तुम्हीच बघा काय ते."

"आणि पाकीट मीच फोडलं असेल तर?"

"तसा संशय असता तर हा कागद मामांकडे गेला असता. ते तुमची चौकशी करत बसले असते."

मामा म्हणजे आमचे सूत्रसंचालक. उतावळ्या स्पर्धकास ते तळहात दाखवून "सबूर" म्हणत, म्हणून साऱ्या प्रेक्षकांचे ते सबूरमामा झाले होते. मूळचे ते बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारे. पहिल्या सूत्रसंचालकाचा घसा बसला, तेव्हा तीन आठवड्यांकरिता म्हणून त्यांना बोलावले, आणि ते तीन आठवडे चोवीस वर्षे पुरले. चित्रीकरणापूर्वी ते गरम पाण्याखेरीज काही घेत नसत. स्पर्धकाच्या आईचे नाव पाठ करून येत. जो हरला त्याला स्वतः फाटकापर्यंत सोडायला जात, मग बाहेर पाऊस असो वा ऊन. मी शाळेतील अध्यापन सोडून या कामाला लागलो, तेव्हापासून एखाद्या माणसाविषयी माझ्या मनात आदर दृढ होत गेला असेल, तर तो त्यांच्याविषयी.

संशयाचे कारण असे घडले. शिवणकाम करणाऱ्या एक बाई दहाच्या दहा प्रश्न जिंकून सर्वांत मोठे बक्षीस घेऊन गेल्या. जाताना रंगभूषा करणाऱ्या मुलीला त्या सहज बोलून गेल्या, "अगं, निम्म्या प्रश्नांत मला ओ की ठो कळलं नव्हतं." ते वाक्य दोन दिवसांत निर्मात्यांच्या मेजावर पोहोचले.

मी ते चित्रीकरण खोलीचे दार लावून पाहिले. सहावा प्रश्न होता, मधमाशीला एकूण डोळे किती. मामांनी चार पर्याय वाचले. बाईंनी ते पुन्हा स्वतःशी सावकाश उच्चारले, "दोन... चार... पाच... आठ," आणि निःशंकपणे पाच म्हणाल्या. उत्तर बरोबर होते. परंतु संपूर्ण वेळ त्यांची दृष्टी मामांच्या मुखावर नव्हती, ती त्यांच्या हातावर होती.

मी फीत मागे नेली. मामांच्या उजव्या हातात कार्ड असे आणि त्यांचा अंगठा कार्डाच्या कडेवरून सारखा वरखाली फिरत असे. बाई "पाच" म्हणाल्या त्या क्षणी तो अंगठा थांबला, आणि "आठ" म्हणताच पुन्हा फिरू लागला. मी दहाही प्रश्न तपासले. दहाही वेळा तसेच. एकदा घडले असते तर कावळा बसला आणि फांदी मोडली असे म्हणता आले असते. दहा वेळा कावळा बसत नाही.

मग मी जुन्या फिती काढवल्या. सात वर्षांपूर्वीची, पंधरा वर्षांपूर्वीची, मामांचे केस काळे होते तेव्हाची. अंगठा तेव्हाही थांबत होता. इतर स्पर्धक मात्र छताकडे पाहत, डोळे मिटत, ओठ चावत; हाताकडे कोणी पाहिले नव्हते. म्हणजे एवढी वर्षे खूण तयारच होती आणि ती जाणणाऱ्या मोजक्या लोकांकडूनच मोबदला घेतला जात होता काय?

संशय हा विलक्षण दिवा आहे. त्याच्या उजेडात ओळखीच्या दोरीचाही साप होतो. हरलेल्यांना सोडायला मामा फाटकापर्यंत जातात ते कशासाठी? आईचे नाव विचारण्याच्या निमित्ताने स्पर्धकांशी आधी बोलतात, तेव्हा आणखी काय बोलतात? चोवीस वर्षे मला वंदनीय वाटलेली प्रत्येक गोष्ट मी त्या तीन दिवसांत उलटी करून पाहिली आणि प्रत्येकीचे अस्तर मला मळके दिसले.

बुधवारी मी शिवणवाल्या बाईंच्या घरी गेलो. एकाच खोलीत तीन यंत्रे खडखडत होती आणि समोरच्या भिंतीवर दूरदर्शन संच मुक्याने चालू होता.

"आवाज का बंद?" मी विचारले.

"या खडखडाटात ऐकू काय येणार, काका? सोळा वर्षं अशीच बघतेय मी. नुसती चित्रं."

"मामांशी तुमची आधीची ओळख?"

"माझी त्यांच्याशी आहे. त्यांची माझ्याशी नाही." त्यांनी दात लावून दोरा तोडला. "त्यांचा अंगठा थांबला की ते उत्तर बरोबर. आम्ही इथं पैजा लावायचो, कोण आधी ओळखतं. ही माझी नणंद माझ्यापेक्षा तरबेज आहे. तिलाच पाठवणार होते, पण ती लाजते."

"हे गैर आहे असं नाही वाटलं?"

बाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचे आश्चर्य होते. "गैर? मला वाटलं, खेळच तो आहे. समोरचा माणूस ओळखायचा. नाहीतर मधमाशीचे डोळे मोजून कुणाचं काय भलं व्हायचंय?"

पलीकडे नणंद फिस्सकन हसली. मी उठलो. उत्तर सरळ होते, आणि तेच मला खुपले. पढवलेला साक्षीदारही इतकेच सरळ बोलतो.

तेव्हा मी जे केले ते लिहिताना आजही लेखणी अडते. गुरुवारच्या तालमीत स्पर्धकाच्या खुर्चीत आमच्यापैकीच कोणीतरी बसे. त्या दिवशी मी बसलो. एका कार्डावर मी मुद्दाम चुकीचे उत्तर छापून घेतले होते. माझा हिशेब असा: मामांचा व माझा काही संकेत ठरलेला नाही. अंगठा बुद्धिपुरस्सर थांबत असेल, तर माझ्यासाठी तो थांबणार नाही. आपोआप थांबत असेल, तर तो कार्डावर छापलेल्या चुकीच्या उत्तरापाशीही थांबेल.

"कोणत्या ग्रहाचा दिवस सर्वांत लहान?" मामांनी विचारले. "मंगळ, शुक्र, शनी, गुरू."

मी सावकाश उच्चारले. मंगळ; अंगठा फिरत होता. शुक्र, फिरत होता. शनी म्हणताच तो थांबला. खरे उत्तर गुरू होते.

माझ्या छातीवरची शिळा उतरली. तो निरागस होता. मी उत्तर देणार, एवढ्यात मामांनी कार्ड डोळ्यांजवळ नेले आणि बराच वेळ पाहिले.

"कार्डावर शनी छापलंय, गुरुजी. गुरू हवं."

"असं का? नजरचूक झाली."

"चोवीस वर्षांत तुमची नजरचूक झालेली नाही." ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे ही चूक नाही. माझी परीक्षा आहे. कशाची, तेवढं सांगा."

मी सर्व सांगितले. ते आपल्या अंगठ्याकडे परक्याचा असावा तसे पाहत राहिले. त्यांच्यासाठी गरम पाण्याचा थर्मास घेऊन आलेल्या वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी थर्मास मेजावर ठेवला.

"तुम्हाला हे आज कळलं, भावजी?" त्या मला म्हणाल्या. "मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं. म्हणून तर पत्त्यांत हे माझ्याकडून कधी जिंकले नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मामा म्हणाले.

"सांगून हरू?"

मामा हसले नाहीत. त्यांनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतले आणि ते तसेच निवू दिले. "विचारलं असतंत तर बरं झालं असतं, गुरुजी," ते म्हणाले. "पण असू दे. गुरूनं अंगठा मागायची रीत जुनीच आहे."



शुक्रवारी मी कागदावरील दोन्ही वाक्ये खोडली आणि खाली लिहिले: "साहाय्य केले नाही, नकळत झाले." बाईंचे बक्षीस कायम ठेवावे आणि मामांनाही, असे सुचवून सही केली. निर्मात्यांनी कागद दोनदा वाचला. मामांची एकच अट होती, ती त्यांनी स्वतः घातली: "यापुढं माझ्या कार्डावर उत्तर नको. मी फक्त विचारीन. उत्तर गुरुजींकडं राहू दे."

सोमवारी पहिले चित्रीकरण झाले. काचेपलीकडील छोट्या कक्षात, उत्तरांचा कागद पुढे घेऊन मी बसलो; बरोबर उत्तरास हिरवा दिवा लावणे एवढेच माझे काम. मामा पूर्वीसारखेच उभे होते, राखाडी कोटात, कार्ड हातात घेऊन. चौथ्या प्रश्नास स्पर्धक अडखळला आणि पर्याय एकेक करून उच्चारू लागला. मामांचा अंगठा एकसारखा फिरत राहिला. त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हते. त्यांच्या मुखावर मी प्रथमच एक उत्सुकता पाहिली, शाळेतील मुलाची असते तशी.

मग त्यांनी मान वळवली आणि काचेतून माझ्याकडे पाहिले. मुखाकडे नव्हे, हाताकडे. पेन्सिल माझ्या बोटांत होती. ती आतापर्यंत हलत होती की थांबली होती, हे मला सांगता आले नाही.

मी पेन्सिल ठेवली आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.