वरच्या फळीवरचं इंजिन

बायकोला न विचारता तिची वस्तू कुणाला देऊ नये, एवढी साधी गोष्ट आर्नी कांगसला लग्नाला सदतीस वर्षं झाली तरी कळली नव्हती. माणूस वाईट नव्हता. फक्त मित्रांत बसला की त्याचा हात सैल सुटायचा, आणि तोही दुसऱ्याच्या खिशात.

त्यांच्या तळ्यावर दरवर्षीचा एक खेळ असे. मार्चच्या पहिल्या रविवारी गावचं मासेमारी मंडळ गोठलेल्या तळ्यावर काहीतरी भंगार नेऊन ठेवी, त्याला लांब दोर बांधून दुसरं टोक काठावरच्या घड्याळाला जोडी. वसंतात बर्फ फुटून भंगार बुडालं की दोराला हिसका बसायचा आणि घड्याळ थांबायचं. ज्याने ती वेळ जवळपास बरोबर ओळखली असेल त्याला धुरी दिलेली डुकराची अख्खी मांडी मिळे. मग बुडालेलं धूड दोराने ओढून काढायचं आणि भंगारवाल्याकडे पाठवायचं. आदल्या वर्षी कपडे धुण्याचं यंत्र गेलं होतं, त्याआधी चर्चचा फुटका ऑर्गन.

या वर्षी काय बुडवायचं, असा प्रश्न फेब्रुवारीच्या बैठकीत निघाला तेव्हा आर्नी कॉफीत पाव बुडवत म्हणाला, "आमच्या सौनामागे ती जुनी तीनचाकी पडलीय की! घेऊन जा."

सौना म्हणजे परसातली, वाफेने अंग शेकायची लाकडी खोली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाचा प्रमुख लेस्टर, आर्नीचा धाकटा भाऊ, त्याने वहीत लिहूनही टाकलं.

घरी हेल्मी भांडी विसळत होती. तिने ऐकून घेतलं, नळ बंद केला, हात पुसले.

"ती गाडी कुणाची आहे, आर्नी?"

"अगं, कुणाची म्हणजे? तीस वर्षं तिच्यातून रास्पबेरी उगवतायत. अस्वलांची आहे म्हण!"

"मग तुझी आरामखुर्ची का नाही दिलीस? तिच्यातूनही स्प्रिंगा उगवल्यात."

"खुर्ची?" आर्नीचा चेहरा पडला. "वा गं! खुर्ची माझी आहे!"

हेल्मीने पुन्हा नळ सोडला. तिचं उत्तर तिला मिळालं होतं.

ती तीनचाकी हेल्मीने बाविसाव्या वर्षी घेतली होती, लाकडाच्या वखारीतल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून. मोटारसायकलसारखं बसायचं, पण चाकं तीन आणि तीही फुग्यासारखी टम्म, त्यामुळे चिखल असो, वाळू असो की बर्फ, गाडी कुठेच रुतत नसे. तिच्यावर बसून ती वडिलांची जाळी काढायला जायची, आणि कधीकधी कशालाच नाही, नुसतीच जायची. त्या गाडीवर ती कुणाची लेक नव्हती की कुणाची बायको नव्हती. एकदा तळ्याकाठी एक लांबटांग्या पोरगा न विचारताच मागे चढून बसला आणि म्हणाला, चल. तो आर्नी. पुढे मुलं झाली, हेल्मी शाळेची बस चालवू लागली, आणि गाडी एका हिवाळ्यात मागे राहिली ती राहिलीच. विसरली नव्हती ती. रोज उद्यावर टाकत होती, आणि उद्या करता करता तीस वर्षं कधी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लेस्टरला गाठलं. "गाडी मी देणार नाही."

"वहिनी, दादाने शब्द दिलाय, सगळं गाव ऐकत होतं. आता मी काय करू?" लेस्टरने डोकं खाजवलं. वहिनीला तो मनापासून घाबरत असे, कारण त्याची पोरं लहान असताना तिच्याच बसमध्ये होती आणि तिच्या धाकात ती कशी चिडीचूप बसायची हे त्याने पाहिलं होतं. "असं करू. रविवारी ती स्वतःच्या इंजिनावर तळ्यापर्यंत आली तर तुझी. ओढून आणावी लागली तर मंडळाची."

"कबूल."

"वहिनी, तिच्यात उंदरांची तिसावी पिढी नांदतेय!"

"त्यांना नोटीस देते," हेल्मी म्हणाली.

हातात तीन आठवडे होते. बाहेर नाकातलं पाणी गोठेल अशी थंडी, त्यामुळे तिने फावड्याने बर्फ उपसून, काटेरी वेली कापून गाडी सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत ओढून घेतली. घराबाहेर ऊब असलेली तेवढी एकच जागा होती. हवेच्या गाळणीतून खरंच घरटं निघालं, त्यात आर्नीच्या हरवलेल्या मोज्याचा तुकडाही सापडला. पेट्रोलच्या टाकीतला गंज सुटावा म्हणून तिने व्हिनेगर आणि मूठभर जुने नट आत घालून टाकी इतकी हलवली की दोन दिवस खांदे वर होईनात. कार्ब्युरेटरची भोकं बारीक तारेने मोकळी केली, टायरच्या भेगा आतून ठिगळं लावून बुजवल्या, सायकलच्या पंपाने हवा भरली. पत्रा घासल्यावर खालचा मूळ लाल रंग दिसला तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली. बसच्या वर्षांत गॅरेजवाल्यांच्या डोक्यावर उभं राहून शिकलेलं सगळं आता उपयोगी पडत होतं. बासष्ट वर्षांची बाई ग्रीस माखलेल्या तोंडाने शीळ घालत होती, आणि इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट हलत नव्हती. इंजिनातला पिस्टन गंजून जागीच चिकटला होता. तिने तेल ओतलं, वाट पाहिली, पाना लावून जोर केला. आणखी तेल ओतलं. पिस्टन ढिम्म.

आर्नी या काळात रुसून होता. शनिवारी सौना चुकवायची नाही, मग आभाळ कोसळो, अशी तिकडची रीत. म्हणून तो दोन शनिवार टॉवेल काखोटीला मारून लेस्टरकडे गेला. तिसऱ्या शनिवारी लेस्टरच्या बायकोने हसत विचारलं, "का हो, घरातून हाकललंय का?" तो तसाच मागे फिरला.

आपल्या सौनाचं दार उघडतो तो काय! आत दगड लालभडक तापलेले, खालच्या फळीवर टॉवेल गुंडाळून हेल्मी, आणि सगळ्यात वरच्या फळीवर, बरोबर त्याच्या जागेवर, इंजिन.

"ती माझी जागा आहे," आर्नी म्हणाला.

"आज पाहुणा आलाय. त्याचे सांधे धरलेत. शेक देतेय."

आर्नीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, पण सौनात भांडायचं नाही हा त्याच्या आजीचा नियम. चर्चमध्ये नि सौनात आवाज चढवला तर म्हातारी ओली डहाळी पाठीत घालायची. तो मुकाट्याने खाली बायकोशेजारी बसला. सवयीने पळीभर पाणी दगडांवर टाकलं. वाफ फुसकन उठली आणि तिघांनाही लागली.

 मग आर्नी म्हणाला, "तू तिच्याकडे कधी बघायचीसुद्धा नाहीस. मला वाटलं, विसरलीस."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"हं." त्याने आणखी एक पळी टाकली. "विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

हेल्मीला घाम येत होता म्हणून बरं, नाहीतर डोळे कशाने ओले झाले ते सांगावं लागलं असतं. तिने नुसता पाना त्याच्यापुढे धरला. आर्नीने टॉवेलने इंजिन धरलं, पाना बसवला आणि हलकेच दाबलं. काही नाही. उलटीकडे दाबलं. पुन्हा इकडे. आणि मग आतून 'टक्' असा एवढासा आवाज झाला.

"हेल्मी!"

"हलव! अरे, थांबू नकोस, हलव!"

पाना सरकला, आधी केसभर, मग बोटभर, मग पूर्ण फिरला. ती दोघं टॉवेल सावरत नाचली, आणि त्या वयात, त्या जागेत, तितकं नाचणं धोक्याचं होतं.

अंधार पडायच्या आत इंजिन जागेवर बसलं. रविवारी सकाळी हेल्मीने इंजिन सुरू करायची दोरी ओढायला सुरुवात केली. अकरा वेळा ओढली. बाराव्यांदा गाडी खोकली, निळा धूर ओकली आणि फटफटत सुरू झाली. हेल्मीने हँडल घट्ट धरून डोळे मिटले. आवाज तोच होता, बाविसाव्या वर्षीचा.

डोळे उघडले तर आर्नी घरातून पाठमोरा येत होता, काहीतरी जड ओढत. त्याची आरामखुर्ची. ती त्याने मासे वाहायच्या घसरगाडीवर चढवली आणि घसरगाडीचा दोर तीनचाकीच्या मागे बांधला.

"हे काय?"

"मंडळाला शब्द दिलाय, तो मोडता यायचा नाही," तो म्हणाला. "पण या खेपेला माझ्या वस्तूचा." आणि खुर्ची घसरू नये म्हणून स्वतःच तिच्यात बसला.

तळ्यावर अख्खं गाव जमलं होतं. पाइनच्या झाडांमधून आधी फटफट ऐकू आली, मग लालभडक तीनचाकी दिसली, आणि मागे आरामखुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन राजासारखा हात हलवणारा आर्नी. लोकांच्या हातातली कॉफी हसून हसून सांडली.

"वहिनी, हे नियमात बसतं का?" लेस्टर ओरडला. "मी म्हटलं होतं, ओढून आणायची नाही!"

"नीट बघ," हेल्मी ओरडून म्हणाली, "कोण कुणाला ओढतंय!"

खुर्ची बर्फावर ठेवली, तिला दोर बांधला, घड्याळाला किल्ली दिली. आर्नीने खुर्चीच्या हाताचा फाटका कोपरा एकदा थोपटला आणि वळला. रिकामी घसरगाडी लेस्टरने ठेवून घेतली होती, घर मैलभर लांब होतं, आणि हेल्मी गाडी वळवून निघायच्या बेतात होती.

तो जवळ येऊन उभा राहिला. टोपी काढली. पुन्हा घातली.

"हेल्मी," तो म्हणाला, "मागे बसू का?"

ती पुढे सरकली आणि म्हणाली, "बस."