इथे एकदाच विचारतात

ऊर्मिलाबाई दाबके हॉलंडात आइंडहोवनला राहायला आल्या आणि त्यांनी नको म्हटलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या घरातून निघून जाऊ लागली.

पहिला गेला चहा. शेजारच्या हेनीबाईंनी विचारलं, चहा घेणार? ऊर्मिलाबाई म्हणाल्या, नको हो, कशाला उगीच. मिरजेत याचा अर्थ टाका आधण, असा होतो. हेनीबाईंनी मान डोलावली आणि किटली फडताळात ठेवली. ऊर्मिलाबाई घरी येऊन पाहतात तर चहाचा डबा घासल्यासारखा कोरा. दुकानातही त्या जवळ गेल्या की मांडणी रिकामी व्हायची. मागच्या गिऱ्हाइकाला मात्र चहा मिळायचा.

मग खुर्ची. हेनीबाई बसा म्हणाल्या, ह्या म्हणाल्या, असू दे, बरी आहे उभी. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीत शिरल्या. त्या जमिनीवर बसून पोथी वाचू लागल्या. त्याचं काही वाटत नव्हतं. राग येत होता, आणि तो तेवढा नको म्हटलं तरी जात नव्हता.

"अगं, इथे एकदाच विचारतात," यजमान, विद्याधर, म्हणाले. "सरळ हो म्हणावं."

"पहिल्याच खेपेला? हावरटासारखं?" रागावल्या की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. "देव तोंड उघडत नाही, तरी रोज मी त्याला घ्या घ्या म्हणते. माणसाला दुसऱ्यांदा विचारलं तर जीभ झिजते का?"

त्या शुक्रवारी उपास सोडायच्या वेळी विद्याधरांनी विचारलं, वाढू? त्या धुमसतच होत्या; नको म्हणाल्या. लग्न झाल्यापासून या नकोवर ते ताट पुढे सरकवत आले होते, चल गं, दोन घास, म्हणत. आज त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. भात वाफेसकट गेला.

"तुम्हीसुद्धा?"

"तूच नको म्हणालीस."

शब्दाला शब्द लागला. ऊर्मिलाबाईंनी पाठ फिरवली. विद्याधर दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि इथल्या माणसांसारखं स्वच्छ, सभ्यपणे विचारलं, "मी राहू का?"

ऊर्मिलाबाईंना हो म्हणायचं होतं. पण रुसलेल्या बायकोच्या तोंडून पहिला शब्द एकच निघतो, आणि तो अर्धा निघालाच होता. त्या गर्रकन वळल्या, दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शब्द तळव्यांना धडका देऊ लागला, कोंडलेल्या चिमणीसारखा. दारात विद्याधर उत्तराची वाट पाहत होते. त्यांच्या गुडघ्यांखाली आता पाय नव्हते, नुसत्या चपला होत्या.