सोमवारची बदनामी

पोरगं चांगलं आहे हे व्हर्लन पेटसला पहिल्याच धावेत कळलं, आणि कळल्याबरोबर त्याला भीती वाटली.

सप्टेंबरमधला शनिवार होता. कोल्टर कॉलेजचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान नेहमीसारखं अर्धं रिकामं. आमच्या संघाच्या छातीवर बगळा आहे, म्हणून सगळे त्यांना बगळेच म्हणतात, आणि बगळे हरणार हे ओहायो नदीपलीकडच्या लोकांनाही पाठ आहे. त्या दिवशीही हरतच होते. तेव्हा कोचने कंटाळून पहिल्या वर्षाच्या एका पोराला आत सोडलं. टेव्हियन मीक्स त्याचं नाव, शेजारच्याच काउंटीतला, अठरा वर्षांचा. काम एकच, चेंडू काखेत घ्यायचा आणि समोरची रांग फोडून पळायचं. असले रनिंग बॅक बगळ्यांकडे पुष्कळ येऊन गेले. चेंडू हातात पडला की डोकं खाली घालून समोरच्या ढिगाऱ्यात घुसायचे आणि तिथेच गाडले जायचे. हा घुसला नाही. हा आपल्या आडदांड गड्यांच्या पाठीमागे पळभर थांबला, फट कुठे पडतेय ते बघितलं, आणि पडली तसा त्यातून निसटला. गुडघे वर, खांदा खाली, चेंडू छातीशी. शेवटच्या माणसाला तर त्याने नुसत्या कमरेच्या झोक्याने जमिनीवर बसवलं.

लोक उभे राहिले. व्हर्लन बसूनच राहिला.

सामना संपल्यावर पार्किंगमध्ये पिकअपचा फाळका खाली पाडून तिघं बसली. व्हर्लनचं टायरचं दुकान, वय सदुसष्ट. शेगडीवर सॉसेज परतणारा ओडेल क्रेस पूर्वी कागदाच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यापासून नुसता जाडा होत चालला होता. तिसरी लोर्ना स्टिडॅम. हिचं कपडे धुण्याच्या मशिनींचं दुकान, आणि जीभ अशी की त्यापेक्षा मशिनीत घातलं तरी परवडलं. तिघांनी मिळून पोराच्या खेळाची चिरफाड केली. ओडेल म्हणाला, असा थांबणारा पोरगा आपण आयुष्यात पाहिला नाही, बाकीचे पळतात, हा बघतो. लोर्नाचं म्हणणं, पाय तर आहेतच, पण चेंडू नसताना तो समोरच्याला अडवतोही, आणि असल्या फुकटच्या मेहनतीवरूनच माणूस ओळखावा. व्हर्लन तोंड पाडून बसला होता. शेवटी लोर्नाने विचारलं, तुझ्या घरी कुणी गेलंय का रे.

"जाणार आहे," व्हर्लन म्हणाला. "हा जाणार. डिसेंबरात."

ते खरंच होतं. हल्ली नियमच तसा आहे. हंगाम संपला की खेळाडूने बोचकं उचलावं आणि वाटेल त्या कॉलेजात जावं. मोठ्या कॉलेजांकडे पैशांच्या राशी पडल्यात, त्यांची माणसं गावोगाव नजर ठेवून असतात. गेल्या वर्षी आमचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक असाच गेला, त्याच्या आदल्या वर्षी दोघं गेले. ज्याला जरा बरं पळता येतं तो या गावातून पळतोच. व्हर्लनच्या दोन्ही मुली कोलंबसला गेल्या, नाताळला येतात, दुसऱ्या दिवशी घड्याळ बघायला लागतात. उरलं काय, तर शनिवार. आणि शनिवारी हरणारे बगळे. माणसाने जगावं तरी कशाच्या आधारावर, असं व्हर्लनला अलीकडे वरचेवर वाटायचं, आणि ते बोलून दाखवण्याइतका निर्लज्जपणा त्याच्यात नव्हता. हे एक पोरगं चार वर्षं टिकलं तर आपलं म्हातारपण निभेल, इतका हिशोब त्याने त्या फाळक्यावर बसल्या बसल्या करून टाकला.

सोमवारी संध्याकाळी आमच्या रेडिओवर 'बगळ्यांचा तास' असतो. कुणीही फोन करावा आणि संघाला शिव्या घालाव्यात. व्हर्लन दर आठवड्याला करतोच. 'टायरवाला व्हर्लन' म्हणून सारं गाव त्याला ओळखतं. त्या सोमवारी निवेदकाने मोठ्या उत्साहात विचारलं, कसा वाटला नवा पोरगा? व्हर्लनच्या मनात काय आलं देव जाणे. एकदम म्हणाला, "काय डोंबलाचा पोरगा? उजवीकडे वळताना कचरतो. चेंडू सैल धरतो. एक दिवस सुटणार बघा. असले मी पुष्कळ पाहिलेत."

दुसऱ्या दिवशी लोर्ना टायरच्या दुकानात येऊन त्याच्यावर उखडली, तेव्हा त्याने तिला समजावलं. मोठ्या कॉलेजांची माणसं सगळं ऐकतात, सगळं वाचतात. गावचे लोकच पोराला नावं ठेवताहेत म्हटल्यावर कशाला कोण वळून बघेल? बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात, त्यातलाच हा प्रकार. लोर्ना हसली आधी. मग हसायची थांबली. पुढच्या सोमवारी तिने स्वतः फोन लावला आणि पोराचे घोटे कच्चे आहेत, असं ठणकावून सांगितलं.

गाव लहान, गंमत लगेच पसरली. शनिवारी ओडेलच्या शेगडीभोवती पोराचं कौतुक करताना लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि सोमवारी तीच तोंडं रेडिओवर त्याच्या नावाने खडे फोडायची. पाद्रीबुवांनी फोन केला. शाळेतल्या बाईंनी केला. कुणी म्हणे त्याला दम नाही, कुणी म्हणे डोकं नाही. पुढे तर मैदानातही लोक गप्प बसायला लागले. टेव्हियनने चेंडू घेऊन अर्धं मैदान कापावं आणि बाकांवर चिडीचूप. हात मांड्यांखाली दाबून बसायचे लेकाचे, डोळे मात्र चमकत असायचे. बगळे दोन सामने जिंकले. व्हर्लन घरी जाताना गाडीत एकटाच गाणी म्हणायचा.

ऑक्टोबर संपता संपता मात्र व्हर्लनला काहीतरी खटकलं. पोरगा थांबायचा बंद झाला होता. चेंडू हातात आला की दोन्ही हातांनी कवटाळायचा, आईला बिलगल्यासारखा, आणि मान खाली घालून सरळ ढिगाऱ्यात. उजवीकडे भगदाड पडलेलं असायचं, पण हा उजवीकडे वळायचाच नाही. ओडेल म्हणाला, दमला असेल, पहिलंच वर्ष आहे. व्हर्लननेही स्वतःला तेच सांगितलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्यात तो एकदा उजवीकडे वळला, वळता वळता कचरला, आणि चेंडू सुटला. पुढे पुन्हा एकदा सुटला. व्हर्लनने आयुष्यभर हा खेळ बघितलेला, त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. सप्टेंबरात तो रेडिओवर जे बरळला होता, ते शब्दन्‌शब्द मैदानावर चाललं होतं. त्या दिवशीही बाकांवर कुणी ओरडलं नाही, आणि त्यासाठी आता हात दाबून बसावं लागत नव्हतं.

सामन्यानंतर पार्किंगमध्ये एक बाई त्यांच्या पिकअपकडे चालत आली. अंगावर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला झगा, त्यावर कोट. आपण टेव्हियनची आई, रेनिटा मीक्स, असं तिने सांगितलं आणि व्हर्लनकडे वळून म्हणाली, टायरवाले व्हर्लन तुम्हीच, आवाजावरून ओळखलं. आमच्या म्हाताऱ्यांना बगळ्यांचा तास लागतोच, दर सोमवारी स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो. टेव्हियन मला घरी न्यायला येतो, तोही तिथेच बसून ऐकतो.

"पोरगं खेळ सोडतंय," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्या कानावर घालावं. इतके दिवस तुम्ही तेच मागत होतात."

एका दमात व्हर्लनने सगळं सांगून टाकलं. दृष्ट, मोठी कॉलेजं, सोमवार, सगळं. बाईने सगळं ऐकून घेतलं. लोर्ना कधी नव्हे ती मान खाली घालून उभी होती.

"मग हे त्याला कुणी सांगितलं होतं?" बाईने विचारलं.

व्हर्लनने ओडेलकडे बघितलं. ओडेलला वाटत होतं की कोचने सांगितलं असणार. लोर्नाला वाटत होतं, कल्पना व्हर्लनची, तेव्हा सांगणंही त्याचंच. आणि व्हर्लन धरून चालला होता की सगळ्या गावाला माहीत आहे म्हणजे पोरालाही असणारच. सारं गाव एका पोराभोवती कट करून बसलं होतं आणि त्या पोराला सांगायचं एकालाही सुचलं नव्हतं. अक्कल गहाण टाकली होती सगळ्यांनी.

तरीही व्हर्लनच्याने राहवेना. कुठल्या मोठ्या कॉलेजचा फोन आला होता का, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली, एकाचाही नाही. लाज वाटावी अशी गोष्ट, पण क्षणभर व्हर्लनला बरं वाटलं. बाईला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तिने कोटाची बटणं लावली. उद्या त्याचा मामा न्यायला येतोय, डेटनला, तिथे गोदामात काम आहे, कॉलेजही सोडणार. सांगायचं असेल तर दुपारच्या आत येऊन सांगा, एवढं बोलून, घराचा पत्ता देऊन ती गेली.

रविवारी चर्च बुडवून व्हर्लन गेला. घरापुढच्या अरुंद वाटेत मामाची गाडी उभी होती, तिच्या मागे त्याने आपली पिकअप लावली. टेव्हियन खोकी आणून गाडीत ठेवत होता. जवळून तो फारच कोवळा दिसत होता. व्हर्लनने टोपी काढली आणि पुन्हा सगळं सांगितलं. काल आईपुढे घाईत बोलला होता, आज एकेक गोष्ट निवांत मांडली. पोरगा खोकं हातात धरून ऐकत होता, मधे मधे "हो सर" म्हणत होता.

"म्हणजे मी चेंडू सैल धरायचो, ते खोटं?"

"साफ खोटं. तोपर्यंत एकदाही सुटला नव्हता तुझा."

"आणि उजवीकडे कचरतो ते?"

"तेही मीच रचलं, बाळा. तोंडाला येईल ते बोललो."

टेव्हियनने खोकं खाली ठेवलं. "मी माझे सगळे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचो, सर. आधी मला काहीच सापडायचं नाही. वाटायचं, तुम्ही इतकी वर्षं बघताय, तुम्हाला दिसतं ते मला का दिसत नाही? मग बघता बघता दिसायला लागलं."

पुढच्या वर्षी तू थांब, व्हर्लन म्हणाला. सगळं गाव उभं राहील तुझ्यासाठी, मी स्वतः रेडिओवर सांगतो, उद्याच सांगतो.

"काल मी कसा धावलो, सर?"

पोराने हे अगदी सरळ विचारलं होतं. व्हर्लनच्या डोळ्यांपुढे कालचा सामना जसाच्या तसा उभा राहिला. ती खाली घातलेली मान, ते कवटाळणं, उजवीकडची ती मोकळी फट. खरं सांगावं तर पोरगा आत्ताच्या आत्ता गाडीत बसणार.

"छान धावलास," व्हर्लन म्हणाला. "फार छान धावलास."

टेव्हियन त्याच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. रागावला असता तर व्हर्लनला सोसलं असतं.

"रेडिओवर तुम्ही जास्त खरे वाटायचात, सर," तो म्हणाला. मग त्याने हात पुढे केला, व्हर्लनशी हस्तांदोलन केलं, शेवटचं खोकं आत सरकवलं आणि गाडीत जाऊन बसला.

मामाने इंजिन सुरू केलं. व्हर्लन टोपी हातात धरून वाटेतच उभा. रेनिटा दारात आली होती, पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसत होती.

"मिस्टर पेटस," ती म्हणाली, "तुमची गाडी आडवी आहे. ती मागे घेतलीत तर त्याला निघता येईल."

व्हर्लन पिकअपमध्ये चढला. किल्ली फिरवली, मान वळवून मागचा रस्ता मोकळा आहे का ते बघितलं, आणि सावकाश गाडी मागे घेतली.